छऱ्यापासून छबीपर्यंत

आश्विन उतरणीला लागला, पावसाळी ढगांनी कोकणपट्टीचा निरोप घेतला, की घराघरांत फराळाची तयारी सुरू होते. त्याच सुमारास, कसलाही गाजावाजा न करता, आणखी एक पाहुणेमंडळी मुंबईच्या उंबरठ्यावर येऊन उतरते. हिमालयाच्या उतारांवरून आणि त्याही पलीकडच्या मध्य आशियातल्या माळांवरून निघालेले धोबी, तुतारी, भिंगऱ्या असे नाना जातींचे पक्षी आपल्या खाड्यांच्या चिखलावर मुक्काम टाकतात. त्यातच दिवाळीची अमावास्या म्हणजे समुद्राला उधाण येण्याची तिथी. पाणी खारफुटीच्या मुळांत चढू लागते आणि दूरवर पांगलेले पक्षी मागे रेटले जात जात काठाशी येतात. कांदिवलीच्या पश्चिमेला, चारकोपच्या वस्तीपलीकडे जी खारफुटी पसरली आहे, तिच्या कडेला अशा सकाळी दोनचार माणसे हमखास उभी दिसतात. कोणी बँकेत नोकरीला, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी महाविद्यालयात जाणारी मुलगी. त्यांच्या हातांतली काळी नळी एखाद्या ढोकरीवर किंवा खंड्यावर रोखलेली असते. मात्र त्या नळीतून छर्रा सुटत नाही. पक्षी आपला मासा गिळतो आणि आपल्या वाटेने उडून जातो.

हे दृश्य आज इतके साधे झाले आहे की त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण पक्ष्यावर नळी रोखावी आणि पक्षी जिवंत राहावा, ही गोष्ट घडून यायला दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांची हकिकत मोठी मनोरंजक आहे. आणि मौज अशी की तिची काही महत्त्वाची पाने आपल्या मुंबईतच लिहिली गेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात पक्ष्याचा अभ्यास करणे म्हणजे पक्षी मारणे, असा सरळ हिशेब होता. दुर्बिणी अगदीच बेताच्या, छापील सचित्र पुस्तके दुर्मीळ. त्यामुळे आपण काय पाहिले हे दुसऱ्याला पटवून द्यायचे तर पक्षी हातात हवा. तो मारायचा, सोलायचा, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधून खणात ठेवायचा. पाडला तो इतिहास आणि निसटला ते गूढ, अशी म्हणच त्या काळच्या इंग्रज पक्षिनिरीक्षकांत रूढ होती. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे या विद्येचे भारतातले महामेरू. १८८५ साली इकडे मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी तिकडे ह्यूमसाहेबांचा ऐंशी हजारांच्या आसपास पक्षिचर्मे व अंडी असलेला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पोहोचला. एका माणसाच्या छंदापायी केवढे हे पक्ष्यांचे गाव उठले! तरीही भारतीय पक्षिशास्त्राचा पाया त्याच चर्मांवर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याआधी दोनच वर्षे, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. ज्या वास्तूत ही सभा भरली तिला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. आणि योगायोग असा की या भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या अगदी पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक. १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत ते पुढे कार्यकारी सभासद होते. म्हणजे निसर्गाचा अभ्यास आणि छायाचित्रणाची कला या दोन्ही विद्या मुंबईत शेजारीशेजारीच नांदत होत्या. तरी त्यांची सोयरीक जमायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

त्याचे कारण साधे होते. नारायण दाजींच्या काळी काचेवर ओला लेप चढवायचा, तो वाळण्याआधी कॅमेऱ्यात घालायचा, काही सेकंद भिंग उघडे ठेवायचे आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत नेऊन काच धुवायची, असा सगळा खटाटोप असे. माणसाचे चित्र काढतानासुद्धा त्याचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावावा लागे. पंडिताला किंवा शेटजीला खुर्चीत बसवून टेकू लावता येतो. खंड्याला कोण लावणार? पुढे १८७० नंतर कोरड्या काचा आल्या, त्या अधिक वेगवान झाल्या आणि कुठे पक्ष्याकडे भिंग वळवण्याची आशा निर्माण झाली.

बंदूक आणि कॅमेरा यांची गाठ पडली ती याच सुमारास, आणि तीही अगदी अक्षरशः. फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांना उडत्या पक्ष्याचे पंख नेमके कसे हलतात याचा छडा लावायचा होता. १८८२ साली त्यांनी एक छायाचित्री बंदूक तयार केली. दिसायला हुबेहूब बंदूक. दस्ता, चाप, नळी सगळे जागच्या जागी. पण नळीत भिंग आणि चापाच्या वर फिरणारी काच. चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे! पुढे चित्रपट ज्यातून जन्मला त्या खटपटींतली ही एक महत्त्वाची पायरी. पक्ष्यावर नेम धरणारी ही बहुधा पहिलीच बंदूक, जिच्या आवाजाने पिसूही गळले नाही.

दहा वर्षांनी, १८९२ साली, इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या शेतकरी घराण्यातल्या भावांनी अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली इंग्लंडातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढले. त्यातली चित्रे चितारलेली नव्हती. प्रत्यक्ष जागेवर घेतलेली छायाचित्रे होती. या बंधुद्वयाच्या युक्त्या ऐकून आजही हसू येते. पक्षी माणसाला भितात, पण गुराढोरांना भीत नाहीत, हे त्यांनी हेरले. मग १९०० साली त्यांनी पेंढा भरलेला एक पोकळ बैल करवून घेतला आणि त्याच्या पोटात शिरून ते चित्रे टिपू लागले. विनोद सोडून द्या. पक्ष्याला न बिचकवता त्याच्याजवळ कसे जायचे, हाच या कलेतला पहिला आणि शेवटचा प्रश्न आहे, आणि त्या बैलापासून आजच्या यंत्रापर्यंत सारी धडपड त्याच्याच उत्तरासाठी चाललेली आहे.

आपल्याकडे या बदलाची खूण एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट उमटलेली दिसते. खेतवाडीत वाढलेल्या सालिम अली नावाच्या एका पोरक्या मुलाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून चौकशी करायला तो सोसायटीच्या कचेरीत गेला. तिथले मानद चिटणीस मिलर्डसाहेब यांनी त्याला हाकलून दिले नाही. भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. भारतातल्या सर्वांत थोर पक्षिशास्त्रज्ञाची वाटचाल अशी एका मेलेल्या चिमणीपासून सुरू झाली. पुढे त्यांनीही संस्थानोसंस्थानीच्या पाहण्यांसाठी पक्षी मारले, आणि शास्त्रासाठी ते आवश्यक होते असे ते सांगतही. पण त्यांच्या नावाचा खरा बोलबाला ज्या कामाने झाला ते काम बंदुकीचे नव्हते. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरणींची वसाहत पाहिली. शिडीवर आडोसा करून, तासन् तास बसून त्यांनी नोंदी केल्या. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते. आणि नर लगेच दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो, हे रहस्य त्यांनी उलगडले. मारलेली सुगरण शंभर वर्षे खणात ठेवली असती तरी तिने हे गुपित सांगितले नसते. जिवंत पक्षीच आपली हकिकत सांगतो, हा किहीमचा धडा.

कॅमेऱ्याचे काम मात्र अजून श्रीमंतांचे किंवा मोठ्या हुद्देदारांचे होते. रेल्वेतले अधिकारी लोदर यांनी वर्षानुवर्षे घरट्यांसमोर लपणी उभारून भारतीय पक्ष्यांची चित्रे घेतली आणि १९४९ साली त्यांचे पुस्तक निघाले. सालिम अलींचे स्नेही लोक वान थो हे मलाया-सिंगापूरकडचे मोठे चित्रपटगृह-मालक. त्यांचा पक्षिचित्रांचा ग्रंथ १९५७ चा. अवजड कॅमेरे, विजेच्या झोताची सामग्री, ती वाहणारे हमाल, लपणीसाठी उंच मचाणे, असा त्यांचा थाट होता. आणि धोकाही होताच. इंग्लंडातले नामांकित पक्षिचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली एका घुबडाच्या नखांनी गेला. आपल्या मध्यमवर्गीय घरात तेव्हा कॅमेरा असलाच तर तो मुंजीला आणि लग्नाला बाहेर निघे. छत्तीस चित्रांची एक गुंडाळी महिनोन् महिने पुरवायची, तिथे चिमणीवर फिल्म कोण उधळणार?

ही कोंडी फुटली ती फिल्मच नाहीशी झाल्यामुळे. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चित्र घेणारा पहिला कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर आणि एक चित्र साठवायला तेवीस सेकंद! पण पुढच्या तीस वर्षांत त्याच बीजाचा वृक्ष झाला. मग खिशातला लहान कॅमेरा आणि व्यावसायिकांचा भिंगे बदलण्याचा मोठा कॅमेरा या दोहोंच्या मधला एक प्रकार बाजारात आला. दोहोंना जोडणारा म्हणून त्याला ‘ब्रिज’ कॅमेरा म्हणतात. त्याचे भिंग कायमचे जडलेले असते, पण ते जवळून दूर असे अफाट पल्ला गाठते. २०१२ सालच्या कॅननच्या एका कॅमेऱ्याने पन्नास पटींचा पल्ला गाठला. २०१५ साली निकॉनच्या कूलपिक्स पी ९०० ने त्र्याऐंशी पटींचा, आणि २०१८ साली पी १००० ने एकशे पंचवीस पटींचा. पी ९०० चे वजन अवघे नऊशे ग्रॅम. शबनम पिशवीत घालून लोकलने न्यावा असा. त्याच्या फिरत्या चकतीतून निवडायच्या प्रसंगांत चंद्र आहे आणि पक्षीही आहे.

इथे जिज्ञासू वाचक विचारील, की एवढे मोठे काम एवढ्याशा यंत्राला साधते कसे? त्यातली मेख जाणून घेण्यासारखी आहे. भिंगाचे नाभीय अंतर जितके अधिक तितकी दूरची वस्तू मोठी दिसते. जुन्या फिल्मच्या मापाने बोलायचे तर पी ९०० चा पल्ला दोन हजार मिलिमीटरांचा. खऱ्याखुऱ्या दोन हजार मिलिमीटरांच्या तेवढ्याच तेजस्वी भिंगाचे तोंड सुमारे एक फूट रुंद करावे लागले असते. ते उचलायला बैलगाडीच लागती. पण या कॅमेऱ्यातले भिंग प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरांचेच आहे. प्रकाश टिपणारी त्यातली पट्टी जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, जुन्या फिल्मच्या रुंदीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. मोठ्या खिडकीऐवजी किल्लीच्या भोकातून पाहावे, तसे हे आहे. दिसते थोडेच, पण जे दिसते त्याने सारी चौकट भरून जाते.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. ती इवलीशी पट्टी फिल्मच्या चौकटीच्या मानाने क्षेत्रफळात तिसाव्या हिश्श्याएवढी असल्याने तिच्यावर प्रकाश फार थोडा पडतो. म्हणून सांज झाली किंवा झाडी दाट असली की चित्रावर रवा दिसू लागतो. पूर्ण पल्ल्यावर शंभर मीटरांवरची जेमतेम एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंदीची पट्टी चौकटीत मावते. पक्षी जरा हलला की गेला बाहेर, मग आभाळभर शोधत बसा. त्यासाठी पल्ला क्षणभर आखडून पुन्हा लांबवण्याचे एक बटण दिलेले असते, तेच खऱ्या कामाचे. उडत्या भिंगरीपुढे हा कॅमेरा बहुधा हार खातो. आणि ऊन चढले की चिखलावरून तापलेली हवा थरथरते, तिच्यापुढे तर सगळ्याच भिंगांचा नाइलाज. म्हणून जाणकार माणूस घरून निघताना आधी भरतीओहोटीचे वेळापत्रक पाहतो, सकाळची वेळ साधतो, सूर्य पाठीशी घेतो आणि एका जागी मुकाट उभा राहतो. यंत्र नवे झाले तरी तप जुनेच आहे.

या तपाला चारकोपसारखी जागा विरळा. मूळचे हे साष्टीतले खाडीकाठचे गाव. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मूलभूत सोयींसह लहान लहान भूखंड पाडून दिले. सेक्टर पडले, मधल्या अंगणाभोवती सहकारी संस्था उभ्या राहिल्या, आणि चाळीतल्या खोलीतून आलेल्या माणसांनी पैपैसा साठवून घरे बांधली. राजेरजवाड्यांच्या आणि रेल्वेसाहेबांच्या या छंदाला अशा वस्तीत वारस मिळावेत, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. वस्तीची शेवटची भिंत संपते तिथे तिवरांची हिरवी भिंत सुरू होते. तिच्या आडोशाला ढोकरी ध्यान लावून बसते, रातबगळे दिवसा पेंगतात, ब्राह्मणी घार वर घिरट्या घालते आणि खंड्या विजेच्या तारेवरून चिखलातल्या खेकड्याचा अंदाज घेतो. पूर्वी माणूस म्हणायचा, ‘बगळा दिसला’. आता तो चित्र मोठे करून पाहतो, चोचीचा आणि पायांचा रंग निरखतो आणि कोणता बगळा ते सांगतो. नाव कळले की ओळख होते, आणि ओळख झाली की माया जडते. शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसेल तर त्याच्या सुखदुःखाशी आपल्याला काय देणेघेणे?

कोणी म्हणेल, ही सारी हौस झाली. शास्त्राला हिचा काय उपयोग? त्याचे उत्तर खानदेशातल्या रानपिंगळ्याने दिले आहे. ह्यूमसाहेबांनी १८७३ साली नाव दिलेले हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाच्या हाती लागले नव्हते. पुढे रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला आणि त्या पत्त्यावर शोधणारे हात हलवत परतले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ते कातडे बारकाईने तपासले, तेव्हा ते संग्रहालयातूनच चोरलेले जुने कातडे नव्याने शिवून ठेवल्याचे उघड झाले! मेलेला पक्षी हाच खरा पुरावा म्हणणाऱ्यांना यापरती चपराक कोणती? खोटा पत्ता बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, रानपिंगळा झाडावर जिताजागता बसलेला दिसला. त्यांनी त्याच्यावर बंदूक रोखली नाही. त्याचे चित्रण केले, आणि जगाला तेवढे पुरले. २०१४ साली तर मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात हाच पक्षी हौशी निरीक्षकाला आढळला. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ साली जो अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला होता. त्या तीस हजारांत बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच लोक.

मात्र छर्रा गेला म्हणून हिंसा संपली, असे मानण्याचे कारण नाही. घरट्याचे चित्र हवे म्हणून आडव्या फांद्या मोडल्या, तर दुपारचे ऊन आणि कावळ्याची नजर दोन्ही पिलांवर पडतात. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बोलावले, तर तो प्रतिस्पर्धी आला समजून विणीच्या दिवसांत आपली शक्ती वाया घालवतो. थवा उडतानाचे चित्र छान येते म्हणून खडा मारला, तर हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याच्या तोंडचा घास जातो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपक्ष्यांच्या शिकारीला आळा घातला आणि घरटी व अंडी यांनाही संरक्षण दिले. पण मनुष्याच्या हावेला बंदूक लागतेच असे नाही. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याचे खरे मोल हे, की त्याने आपल्याला दूर राहण्याची सोय करून दिली. तो हाती घेऊनही जो पक्ष्याच्या अंगावर जातो त्याला या यंत्राचा अर्थ कळलाच नाही.

आणि याहून मोठी चिंता पायाखालच्या चिखलाची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाची परवानगी काढली तरच अपवाद. त्याच २००५ च्या २६ जुलैला शहर बुडाले, तेव्हा भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याला सामावून घेणाऱ्या दलदलीचे मोल मुंबईकरांना कळून चुकले होते. आता वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता चारकोपवरून आणि पुढे गोराईकडे नेण्याची महापालिकेची योजना आहे. रोज दोन दोन तास गर्दीत अडकणाऱ्या उपनगरवासीयाला तो रस्ता हवासा वाटतो, यात त्याचा दोष नाही; चारकोपची वस्तीही एके काळी खाडीकाठच्या सखल जमिनीवरच उभी राहिली. परंतु रस्त्याचे नकाशे शेकडो पानांत नोंदलेले असतात. तिथल्या खंड्याचे घर कोण नोंदणार? ते काम या छंदिष्ट मंडळींच्या हातून होत आहे. तारीख, वेळ, जागा आणि चित्र अशा चार गोष्टी एकत्र आल्या की ती नोंद होते; आणि नोंद असली तर वाद घालता येतो, नसली तर फक्त हळहळ करता येते.

ह्यूमसाहेबांची चर्मे इंग्लंडातल्या खणांत अजून जपून ठेवली आहेत. त्यांतल्या कित्येक पक्ष्यांची मूळ राने मात्र आज शोधूनही सापडत नाहीत. आपल्या कॅमेऱ्यातल्या बोटाच्या नखाएवढ्या चकतीवर आज हजारो पक्षी मावतात, आणि कोणालाही इजा न करता मावतात. ही मोठी प्रगती खरी. पण उद्या खाडीकाठी चिखलच उरला नाही, तर ती चकतीदेखील एक लहानसा खणच ठरेल. फरक इतकाच की त्यातल्या पक्ष्यांच्या पोटात कापूस भरलेला नसेल. छबी घेण्याचे सार्थक तेव्हाच, जेव्हा पुढच्या वर्षीच्या आश्विनात तोच पाहुणा पुन्हा आपल्या दारी येतो आणि त्याला उतरायला जागा शिल्लक असते.